सोबतीची कामं आधी वाटून द्या

एकटीने परदेशी जावं का, असं ओळखीच्या बायका मला वरचेवर विचारतात. कुणाची मुलं मार्गी लागलेली असतात, कुणी नुकतीच निवृत्त झालेली असते, कुणाच्या नवऱ्याला प्रवासाची हौस नसते. मी सगळ्यांना सांगते, जरूर जा. पण त्यासोबत एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. बरोबर कुणी असलं की ते माणूस न सांगता कितीतरी कामं करत असतं. आपण तिकीट काढत असताना बॅगेवर लक्ष ठेवतं, निम्मा रस्ता लक्षात ठेवतं, आपण दमलोय हे आपल्याआधी ओळखतं आणि आपल्याला काही झालं तर चार माणसं गोळा करतं. एकटं निघालं म्हणून ही कामं संपत नाहीत. ती आधीच कुणावर तरी सोपवून ठेवावी लागतात. मला हे लिस्बनमध्ये उमगलं.

माझं माहेर वसईचं. लहानपणापासून किल्ल्यात खेळलो, चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो पोर्तुगीजांकडून जिंकला ही गोष्ट ऐकत वाढलो. ज्या बंदरातून निघालेले लोक थेट आमच्या दारापर्यंत पोचले, ते बंदर एकदा बघायचं मनात होतं. १४९७ साली वास्को द गामा इथूनच निघाला. शहराच्या पश्चिमेला बेलें भागात झेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. हे सगळं मला माझ्या गतीने, थांबत थांबत बघायचं होतं. म्हणून एकटीच गेले, आणि नोव्हेंबरात गेले, कारण तेव्हा गर्दी कमी असते. पाऊसही त्याच दिवसांत असतो.

शहराची जमीन समजून घ्या

लिस्बन तेजो नदीच्या मुखाशी टेकड्यांवर वसलं आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला इथे प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आगी लागल्या. नदीकाठचा सखल भाग, बाइशा, पार उद्ध्वस्त झाला. तो राजाचा मंत्री मार्किस दे पोम्बालने सरळ, काटकोनी रस्त्यांचा करून पुन्हा उभारला. म्हणून बाइशात माणूस सहसा चुकत नाही. शेजारची अल्फामाची टेकडी मात्र बरीचशी वाचली, त्यामुळे तिथल्या जुन्या चिंचोळ्या वळणदार गल्ल्या आजही तशाच आहेत. पर्यटक तिथेच जातात आणि फोनवरचा नकाशा तिथेच दगा देतो. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात शंभरेक पायऱ्यांचं असू शकतं. पत्त्यात 'एस्कादिन्यास' असेल तर तिथे पायऱ्याच आहेत असं समजा.

दुसरी गोष्ट पायाखालची. लिस्बनचे पदपथ हाताने बसवलेल्या चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत. पांढऱ्यावर काळ्या दगडाची नक्षी काढलेली असते, ती फार देखणी दिसते. पण वर्षानुवर्षं माणसं चालून चालून हे दगड गुळगुळीत झालेले आहेत. कोरडे असताना काही वाटत नाही. वर पावसाचा नुसता शिडकावा झाला की उतारावर उभं राहणंही कठीण होतं.

काय झालं

ग्रासा भागातल्या उंच सज्जावरून लिस्बनचा किल्ला आणि नदी बघून मी अल्फामाकडे उतरत होते. नोव्हेंबरात तिथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाऊस भुरभुरत होता, पायात चांगले बूट होते, हातात छत्री होती. एका पायरीच्या कडेवरून उजवा पाय सरकला आणि घोटा आतल्या बाजूला वळला. कळ अशी आली की काही क्षण मला आवाजच फुटेना. गल्लीत कुणी नव्हतं.

समोरच्या घराची खिडकी उघडली. एका आजींनी वाकून बघितलं, काहीतरी विचारलं, मग आत गेल्या आणि लाकडी खुर्ची घेऊन खाली आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नव्हतं. त्यांनी माझा बूट हलकेच सैल केला, सुजलेला घोटा बघून मान हलवली आणि शेजारच्या दारावर थाप मारून दोन मुलांना बोलावलं. त्या गल्लीत गाडी येत नाही. त्या मुलांनी मला दोन्ही बाजूंनी धरून फादो संगीताचं संग्रहालय आहे त्या चौकापर्यंत नेलं आणि टॅक्सीत बसवलं. त्या तिघांचे उपकार मी विसरू शकत नाही.

खरी परीक्षा तिथून पुढे सुरू झाली. रुग्णालयात तातडीच्या विभागात गेल्यावर नर्स आधी तपासते आणि तब्येतीच्या गांभीर्यानुसार मनगटावर रंगाचा पट्टा बांधते. लाल म्हणजे लगेच, मग नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा. मला हिरवा मिळाला. पद्धत अगदी न्याय्य आहे, ज्याच्या जिवावर बेतलंय तो आधी. पण हिरव्या पट्ट्याचं माणूस तासन् तास बसून राहतं. त्या वेळात मला पाणी हवं होतं, स्वच्छतागृहात जायचं होतं आणि माझं नाव पुकारलं जाण्याची धास्तीही होती. बॅग कुणाजवळ ठेवायची? फोनची बॅटरी संपत आली होती. विमा कंपनीचा नंबर ईमेलमध्ये होता आणि तो शोधण्यात उरलेली बॅटरी जात होती. घरी कळवावं तर हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेपाच तास मागे असतं. तिथले सात म्हणजे इकडे रात्रीचे साडेबारा, सगळे झोपलेले. हाड मोडलं नव्हतं, अस्थिबंध दुखावला होता. पट्टा बांधून, कुबड्या घेऊन मी मध्यरात्री मुक्कामी पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना अरुंद आणि उभा, लिफ्ट नाही. मी एकेक पायरी बसत बसत चढले.

त्या रात्री मला नीट समजलं की बरोबर कुणी असतं तरी पाय घसरलाच असता. ओला दगड एकटा-दुकटा बघत नाही. फरक पडला असता तो नंतरच्या काही तासांत. एकट्या प्रवासात संकटं वेगळी नसतात, तीच असतात. ती निस्तरायला मात्र दोनच हात असतात. म्हणून पुढे जे सांगते आहे, ते या नंतरच्या तासांसाठी.

घरून लक्ष ठेवणारा डोळा

घरातल्या एकाच व्यक्तीला 'या प्रवासाचा माणूस' नेमा. त्याच्याकडे मुक्कामाचा पत्ता, पासपोर्टची प्रत, विम्याची पॉलिसी आणि रोजचा ढोबळ बेत असू द्या. रोज ठरलेल्या वेळी एक निरोप जाईल आणि तो आला नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवा. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा होतो, तेव्हा संध्याकाळच्या फिरण्याआधीचा निरोप सोयीचा पडतो. त्याच्या फोनचा आवाज रात्री बंद नसावा, एवढी विनंती करून निघा.

विम्याचं काम याहून महत्त्वाचं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, त्यामुळे पॉलिसी प्रत्येकाकडे असते. ती वाचलेली मात्र क्वचितच असते. तातडीचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा, फोनवर विसंबू नका. बहुतेक कंपन्यांना रुग्णालयात जाताच कळवावं लागतं, नाहीतर बिल आधी आपण भरायचं आणि परतल्यावर दावा करायचा. प्रत्येक पावती आणि डॉक्टरांचा अहवाल जपून ठेवा. युरोपभर तातडीचा नंबर ११२ आहे. जीव धोक्यात नसेल तर पोर्तुगालात आरोग्यसल्ल्यासाठी ८०८ २४ २४ २४ हा क्रमांक आहे. छोट्या तक्रारीसाठी हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान गाठा.

मुक्काम आणि चढउतार

खोली आरक्षित करण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. कितवा मजला? लिफ्ट आहे का? रात्री उशिरा अडचण आली तर इमारतीत कोण भेटेल? किल्ल्यांची पेटी दारावर लटकवून मालक दुसऱ्या गावी राहत असेल, तर एकट्याने तिथे उतरू नये. अल्फामाचं सौंदर्य दिवसा बघा, मुक्काम बाइशात किंवा मेट्रोजवळ ठेवा.

चढण पायांवर ओढवून घेऊ नका. बाइशातल्या रुआ दुश फांकेइरुशवर एक सार्वजनिक लिफ्ट आहे, ती विनामूल्य आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते आणि पुढे चार पावलांवर दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या दिशेने वर नेते. किल्ल्यापर्यंत जायला प्रासा दा फिगेइरावरून ७३७ क्रमांकाची बसही आहे. पावसात पायऱ्यांची वाट सोडा, ट्रामच्या रस्त्याने उतरा. रबरी, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्या. ऐतिहासिक ट्राम आणि टेकड्यांवरच्या रेल्वेगाड्यांबद्दल त्या त्या वेळची स्थिती विचारून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया या टेकडीवरच्या गाडीला अपघात झाला आणि सोळा माणसं गेली.

पैसे आणि बॅग

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम फार प्रसिद्ध आहे आणि खिसेकापूही तीच निवडतात. चढताना दारात ढकलाढकली होते, तोच त्यांचा क्षण. सकाळी लवकर मार्तिम मोनीझच्या सुरुवातीच्या थांब्यावरून बसा, म्हणजे जागा मिळते. बॅग पोटाशी असू द्या. गर्दी असेल तर ती ट्राम सोडून द्या, दुसरी येते.

दोन कार्डं न्या आणि ती कधीच एका ठिकाणी ठेवू नका. एक खोलीत, एक अंगावर. पासपोर्ट खोलीत कुलपात, प्रत बरोबर. पैसे काढताना मशीनने रुपयांत व्यवहार करू का असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा, नाहीतर दर महाग पडतो. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय वकिलात. तक्रारीच्या प्रतीशिवाय पुढचं काही हलत नाही, विमाही नाही. मध्यवर्ती चौकांत कुणी हळूच अमली पदार्थ विकायला आला तर उत्तर न देता चालत राहा.

समुद्र

लिस्बन नदीवर आहे, खुला अटलांटिक जवळच कास्काइश आणि गिंशूकडे. कायश दु सोद्रे स्थानकातून कास्काइशला गाडी जाते. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसालाही हे पाणी अनोळखी आहे, थंड आणि ओढीचं. हिरवा झेंडा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे पोहायला बंदी, फक्त पाय भिजवा, लाल म्हणजे पाण्यात उतरूच नका. निळा-पांढरा चौकड्यांचा झेंडा दिसला तर जीवरक्षक त्या वेळी जागेवर नाही. एकटं असताना जीवरक्षक नसलेल्या पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नये. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. काबो दा रोका या युरोपच्या मुख्य भूमीच्या पश्चिम टोकावर कुंपणाच्या आतच थांबा. तिथे फोटो काढून द्यायला कुणी नाही, आणि मागे खेचायलाही नाही.

जेवण आणि रात्र

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते खाल्लं तर पैसे लागतात, नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट मानत नाही. साध्या खानावळीत 'मेया दोझ' म्हणजे अर्धी प्लेट मिळते, एकट्या माणसाला ती पुरते. शाकाहारी असाल तर काल्दो व्हेर्दे सूपही विचारून घ्या, त्यात बहुधा सॉसेजचे काप असतात.

फादो ऐकायला जरूर जा. पण परतीची गाडी कुठे मिळेल हे गाणं सुरू होण्याआधी ठरवा. गल्ल्यांत गाडी येत नाही, जवळचा चौक कोणता आणि तिथवर उजेडाचा रस्ता कोणता, हे दिवसाच चालून बघा. मेट्रो रात्री एकपर्यंत असते.

मी त्या प्रवासातून लगेच परतले नाही. सूज उतरल्यावर बेलेंला गेले, मठातल्या कमानींखाली बराच वेळ बसले, नदीकाठी ऊन घेतलं. एकटेपणाने मला जे दिलं ते कुठल्याही सहलीत मिळालं नसतं, आणि त्यासाठी पुन्हा निघायची माझी तयारी आहे.

तुम्ही निघाल तेव्हा आदल्या आठवड्यात एक कागद घ्या. माझी खबर कोण ठेवील, बॅग कोण बघेल, डॉक्टरांशी कोण बोलेल, पैसे कुठून येतील, आणि आता पुरे, परत फिर असं मला कोण सांगेल, हे एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे एखाद्या माणसाचं नाव, फोन नंबर किंवा ठरवलेला नियम मांडा. जे काम मोकळं राहील ते आधी मार्गी लावा, आणि मग खुशाल निघा.