आउटलुकचा पहारेकरी

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या टपालाच्या प्रोग्रॅममध्ये कधी कधी एक चौकट पडद्यावर येते. दुसरा एखादा प्रोग्रॅम तुमच्या वतीने ई-मेल पाठवू पाहत आहे, त्यास मुभा द्यावयाची काय, असा प्रश्न ती करते. हे अनपेक्षित असेल तर नकार द्यावा आणि विषाणुरोधक प्रोग्रॅम अद्ययावत आहे की नाही ते पाहावे, अशी पुस्तीही ती जोडते. ज्याने तो प्रोग्रॅम स्वतःच लिहिला, त्याला ही केवळ कटकट वाटते. परंतु ती का निर्माण झाली, हे आम्ही प्रथम सांगू.

एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यावे, ही सोय मूळची चांगली. एक्सेलमधील गुणतक्त्यावरून प्रत्येक पालकाचे पत्र तयार व्हावे आणि आउटलुकने ते धाडावे, यात वावगे काय? पण ज्या दाराने पाहुणा येतो त्याच दाराने चोरही येतो. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' हा विषाणू वर्डच्या कागदपत्रांतून पसरला. कागदपत्र उघडले की तो आउटलुककडून पत्त्यांच्या वहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवून घेई. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' तर वहीतील सर्वांनाच पत्र धाडू लागला. पत्र ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेले. मग शंका कोण घेणार?

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आउटलुकवर हा पहारा बसविला. त्या वेळच्या चौकटीत 'होय' हे बटण पाच सेकंद दाबताच येत नसे. चारशे पालकांना पत्रे धाडावयाची तर नुसते थांबण्यातच दोन हजार सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाई! तेव्हा काही चतुर मंडळींनी आपोआप 'होय' दाबणारे प्रोग्रॅम काढले. आम्हांस हा उपाय मुळीच पसंत नाही. माणसाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ लागले, म्हणजे तो होकार चोरालाही मिळतो.

२००७ च्या आवृत्तीपासून हा जाच पुष्कळ कमी झाला. विषाणुरोधक प्रोग्रॅम चालू आणि अद्ययावत असेल, तर आउटलुक सहसा विचारीत नाही. म्हणून चौकट वारंवार येऊ लागली, तर प्रथम तोच तपासावा. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 'ट्रस्ट सेंटर' या विभागात 'कधीही सूचना देऊ नये' असाही पर्याय असतो. तो निवडणे म्हणजे पहारेकऱ्याला कायमची रजा देणे होय.

त्याहून बरा मार्ग असा की, प्रोग्रॅमने पत्रे तयार करून मसुद्यांत ठेवावीत आणि माणसाने ती नजरेखालून घालून स्वतः पाठवावीत. पत्रे फारच असतील तर आउटलुकला वगळून प्रोग्रॅमला थेट टपालाच्या सर्व्हरशी जोडता येते. तेथे ही चौकट येत नाही. मात्र त्यासाठी लागणारा पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवू नये. तो मजकूर ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती तुमचे नावही पडेल.

या पहारेकऱ्याविषयी आमची एकच तक्रार आहे. 'एक प्रोग्रॅम' आला आहे एवढेच तो सांगतो. त्याचे नाव सांगत नाही. त्यामुळे आपण काही पाठवीत नसताना चौकट आली तर 'नाही' म्हणावे, त्या वेळी कोणते काम चालू होते ते आठवून पाहावे, आणि आठवले नाही तर आधी संगणकाची तपासणी करून घ्यावी; पत्रे मागाहून पाठविता येतील.