रणांगणावरील हेलिकॉप्टर

मुलांनो, प्रभादेवीच्या चौपाटीवरून समुद्राकडे पाहताना तुम्हांला एखादे हेलिकॉप्टर दिसले असेल. मुंबईत कुलाबा येथे 'शिक्रा' हा नौदलाचा हेलिकॉप्टर-तळ आहे. हेलिकॉप्टरला लांब धावपट्टी लागत नाही. ते हवेत एका जागी थांबते आणि लहानशा मैदानातही उतरते. म्हणून पुरात अडकलेल्या लोकांना आणि जखमी सैनिकांना त्याचा मोठा आधार असतो.

परंतु युद्धात हेच गुण कधी कधी घातक ठरतात. हेलिकॉप्टर लढाऊ विमानापेक्षा हळू उडते. ते जमिनीपासून फार उंच नसते. त्यामुळे खालच्या सैनिकाला नेम धरायला वेळ मिळतो. शिवाय त्याच्या इंजिनातून गरम वायू बाहेर पडतो. काही क्षेपणास्त्रे या उष्णतेचा माग काढत जातात. 'स्टिंगर' हे असेच क्षेपणास्त्र आहे. ते सैनिकाला खांद्यावरून सोडता येते.

१९९९ साली कारगिलच्या शिखरांवर शत्रूने ठाणी मांडली होती. भूदलाने हवाईदलाकडे हेलिकॉप्टरांची मदत मागितली. त्या वेळी एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हवाईदलप्रमुख होते. एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टरांना मोठा धोका आहे, असे त्यांचे मत होते. तेथे हवा विरळ असते, म्हणून हेलिकॉप्टरला चपळाईने वळता येत नाही. शत्रू डोंगरमाथ्यावर असल्याने ते त्याच्या अगदी समोर येते.

२६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले. २८ मे रोजी 'एमआय-१७' हेलिकॉप्टरांनी द्रासजवळच्या तोलोलिंगवर रॉकेटे डागली. तेवढ्यात एका हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्र आदळले. स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू हे चौघेही हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर 'फ्लेअर' सोडण्याची सोय नव्हती. फ्लेअर म्हणजे हवेत सोडलेले जळते गोळे. त्यांच्या उष्णतेला भुलून क्षेपणास्त्राची वाट चुकते.

या घटनेनंतर हवाईदलाने हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरे काढून घेतली. लढाऊ विमाने अधिक उंचीवरून, क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून बाँब टाकू लागली. १३ जून रोजी भूदलाने तोलोलिंग जिंकले. हेलिकॉप्टरे मात्र स्वस्थ बसली नाहीत. जखमी जवानांना डोंगरांतून रुग्णालयात नेण्याचे काम ती करीतच राहिली.

धोका ठाऊक असूनही ते चौघे वीर आपल्या कामगिरीवर गेले. त्यांचे धैर्य आपण विसरता कामा नये. धोका ओळखून वेळीच योजना बदलणे, हेही शहाण्या सेनेचे लक्षण आहे.

शब्दार्थ
घातक – नुकसान करणारे
माग काढणे – मागोमाग जाऊन शोधणे
विरळ – दाट नसलेली
हुतात्मा – शहीद
धैर्य – हिंमत

स्वाध्याय
१. हेलिकॉप्टरवर नेम धरणे सोपे का असते?
२. फ्लेअरचा उपयोग काय?
३. २८ मे १९९९ नंतर हवाईदलाने कोणता बदल केला?