पीएच.डी. आणि परकीय भाषेची परीक्षा

अमेरिकेत पीएच.डी. ही पदवी सर्वप्रथम येल विद्यापीठाने १८६१ साली दिली. त्या काळी उच्च संशोधनाचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकी तरुण जर्मनीची वाट धरीत. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या संस्थापकांपैकी रिचर्ड एली यांची डॉक्टरेट हायडेलबर्गची होती. या पार्श्वभूमीवर फ्रेंच व जर्मन या भाषांचे वाचनापुरते ज्ञान ही पीएच.डी.ची एक अट बनली व ती दीर्घकाळ टिकली. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही अर्थशास्त्राच्या जोडीला या दोन्ही भाषांचे प्राथमिक अभ्यासक्रम घेतले होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले.

परीक्षेचे स्वरूप

या परीक्षेत संभाषण नसते व निबंधही नसतो. सर्वसाधारणपणे विद्यार्थ्याला त्याच्या विषयातील एखादा उतारा देण्यात येतो आणि दोन-तीन तासांत त्याचा इंग्रजी अनुवाद करावयाचा असतो. बहुधा शब्दकोशाची मुभा असते. अनुवाद सुंदर असण्याची अपेक्षा नसते. मूळ लेखकाचा युक्तिवाद निसटला नाही, एवढेच पाहिले जाते. जेथे ही अट आहे तेथे ती पूर्ण झाल्याखेरीज प्रबंधलेखनाची परवानगी मिळत नाही.

अर्थशास्त्रात ही अट का गेली?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थशास्त्राची प्रमुख नियतकालिके इंग्रजीत एकवटली आणि विषयाला गणिती वळण लागले. अनेक विभागांनी प्रथम एका भाषेऐवजी गणित किंवा संख्याशास्त्र चालेल असे ठरविले व कालांतराने अट रद्द केली. इतिहास, कलेतिहास, तौलनिक साहित्य अशा विषयांत मात्र ती आजही आढळते.

हा बदल सोयीचा होता. तो बिनखर्चाचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्लुट्स्की समीकरण पाठ असते. किंमतबदलाचा मागणीवरील परिणाम हा पर्यायता परिणाम व उत्पन्न परिणाम यांत विभागता येतो, हे युजेन स्लुट्स्की या रशियन अर्थतज्ज्ञाने १९१५ मध्ये मांडले. पण त्याचा लेख इटालियन भाषेत, एका इटालियन नियतकालिकात होता, आणि तो महायुद्धाचा काळ होता. १९३४ मध्ये हिक्स व ॲलन यांनी तेच विश्लेषण स्वतंत्रपणे केले. स्लुट्स्कीचे श्रेय त्यानंतर मान्य झाले आणि लेखाचा इंग्रजी अनुवाद १९५२ मध्ये उपलब्ध झाला. वालरा यांच्या १८७४ च्या फ्रेंच ग्रंथाला इंग्रजी रूप लाभण्यास तर १९५४ साल उजाडावे लागले. भाषापरीक्षा असतानाही इतका विलंब झाला, हा आक्षेप रास्त आहे. परंतु परीक्षा फ्रेंच-जर्मनची होती, इटालियनची नव्हे, हेही लक्षात घ्यावे.

आज संगणकीय अनुवाद क्षणात मिळतो. तथापि फ्रेंचमधील ‘रांत’ या शब्दाचा अर्थ भूमीचा खंडही होतो आणि सरकारी रोख्यांवरील व्याजाचे उत्पन्नही. जर्मन ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज तसेच अपराध. कोणता अर्थ कोठे लागू आहे याचा निवाडा अखेर वाचकालाच करावा लागतो.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत परकीय भाषा सक्तीची नाही. त्यामुळे हा निर्णय विद्यार्थ्याने आपला प्रबंधविषय पाहून घ्यावयाचा आहे. गोव्याच्या आर्थिक इतिहासावर काम करणाऱ्याला पोर्तुगीज टाळून चालणार नाही. पाँडिचेरीच्या अभ्यासकाला फ्रेंच लागेलच.

येथे एक गल्लत नेहमी होते. मॅक्सम्युलर भवन किंवा आलियाँस फ्राँसेझ येथील परीक्षा युरोपीय चौकटीच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांनुसार श्रवण, संभाषण, लेखन व वाचन अशी चारही कौशल्ये तपासतात. शिष्यवृत्ती वा परदेशातील प्रवेशासाठी असे प्रमाणपत्र उपयोगी पडते. केवळ संदर्भवाचनासाठी मात्र व्याकरण, विषयाची परिभाषा आणि रोज एक पान वाचण्याचा सराव यांवर भर दिल्यास श्रम वाचतात. जर्मनबाबत मराठी विद्यार्थ्याला थोडी सवलतही आहे: तिन्ही लिंगे त्याच्या ओळखीची आहेत, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते याचे त्याला इंग्रजी वाचकाइतके नवल वाटत नाही.