कडी लावलेली खोली

गेल्या वर्षी गौरी आमच्याकडे होत्या. मोठ्या दिरांकडे का नव्हत्या ते जाऊ दे, तो विषय निघाला तर हा राहून जाईल. 31 ऑगस्टला रविवारी आवाहन, सोमवारी पूजन, मंगळवारी विसर्जन. डोंबिवलीतला आमचा टू-बीएचके, तिसरा मजला, पाणी सकाळी दीड तास. नणंदबाईंना पंधरा दिवस आधी फोन करून विचारलं, किती जण येताय? तर म्हणाल्या, "बघू गं वहिनी, जमेल तसं येतो. तू आमच्यासाठी काही करू नकोस."

"तू काही करू नकोस" असं कुणी म्हणालं की समजावं, सगळं करायचं आहे आणि कशाचाच आकडा मिळणार नाही.

मी यादी केली. 43 कामं. फ्रिजवर लोहचुंबकाने लावली. पंखे पुसले, खिडक्यांच्या ग्रिलच्या नक्षीत जुना टूथब्रश घालून घासलं, मसाल्याचे डबे रिकामे करून, धुऊन, परत भरले. शोकेसमधले काचेचे सहा हत्ती साबणाच्या पाण्याने आंघोळ घालून ठेवले. भाद्रपदात काही वाळत नाही, त्यामुळे चादरी इस्त्री फिरवून फिरवून सुकवल्या. ह्यांनी काय केलं म्हणाल तर स्कूटर धुतली. पाहुणे काही स्कूटरवर झोपणार नव्हते.

शनिवारी रात्री साडेअकरा वाजले तरी घरात जे उरलं होतं ते उरलंच होतं. इस्त्रीचे ढीग, मुलाची दहावीची पुस्तकं, मखराचे उरलेले पुठ्ठे, बंद पडलेला मिक्सर, रद्दी, ओलसर टॉवेल. सगळं उचलून आमच्या बेडरूममध्ये ढकललं. तिथे आधीच नणंदबाईंचे दोन खोके आणि लाकडी पाळणा होता. त्यांनी घर बदललं तेव्हा "महिनाभर ठेव गं" म्हणून आलेला. त्याला सहा वर्षं झाली. दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि वर झेंडूचं तोरण लावलं. ते दार नेहमी बंदच असतं, असं वाटावं म्हणून.

रविवारी संध्याकाळी गौरी घरात आणल्या. उंबऱ्यापासून हळदी-कुंकवाची पावलं, मागे पुतणी ताट वाजवतेय. आमच्याकडे गौरीला सगळं घर दाखवतात: स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट. सासूबाई तोरणाच्या दारापाशी थांबल्या.

"ही खोली राहिली."

"तिथे कपडे वाळत घातलेत, आई."

"गौरीला कपड्यांचं काय?"

मी ऐकलंच नाही असं केलं. पुतणीला खूण केली, तिने ताट जोरात बडवलं, मिरवणूक पुढे सरकली.

सोमवारी अकराला नणंदबाई आल्या. चौघं धरली होती, आली नऊ. त्यांच्यात ह्यांच्या आत्याही होत्या. वय 74, दोन्ही गुडघे गेलेले. त्या येणार हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आल्याचा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण साडेबाराच्या सुमाराला, तव्यावर पोळी आणि ओट्यावर सोळा भाज्यांपैकी तीन व्हायच्या असताना, आत्या भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला खाली बसता येत नाही गं. कमोड कुठाय?"

कमोड आमच्या बेडरूममध्ये. बाहेरचं संडास भारतीय पद्धतीचं. त्याच्या फरशा मी ब्लीचिंगने अशा चकचकीत केल्या होत्या की त्यात तोंड दिसावं.

तोरणाला हात लावताना माझे हात पिठाचे होते. कडी काढली तरी दार उघडेना. आतून गादीची गुंडाळी कलंडून दारावर बसली होती. खांद्याने ढकललं तेव्हा रद्दीचा गठ्ठा आडवा झाला. आतल्या बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर भिजवलेल्या कपड्यांची बादली. ती मीच शनिवारी रात्री ठेवली होती, कारण तिथे कोण बघणार? आत्या उंबऱ्यात एका पायावर भार टाकून उभ्या. मी बादली उचलली, पुठ्ठे सरकवले, मिक्सर पलंगावर टाकला, त्यांना वाट करून दिली. आणि मागून नणंदबाईंचा आवाज आला, चांगला हॉलपर्यंत जाईल असा:

"अगंबाई! म्हणजे खरं घर इथे आहे होय!"

सगळे हसले. हेही हसले. ते माझ्या लक्षात आहे.

बादली हातात घेऊन मी हॉलमध्ये उभी होते. आता ती ठेवायची कुठे हेही सुचेना. समोर खिडकीची ग्रिल लखलखत होती. तिच्या एका गजावर कुणीतरी ओला रुमाल वाळत टाकला होता. काचेच्या हत्तींसमोर मोबाइल चार्जिंगला लावलेला, वायर हत्तीच्या सोंडेवरून गेलेली. मी पंधरा दिवस घर बघणाऱ्यांसाठी आवरत होते, आणि ही माणसं घर वापरायला आली होती. त्यांना निजायला, आंघोळ करायला, जायला-यायला जागा हवी होती. त्या 43 कामांत त्यांतलं एकही नव्हतं. पुसायचं, घासायचं, झाकायचं, एवढंच होतं.

आत्या बाहेर आल्या, पदराने हात पुसत. म्हणाल्या, "आतला तो पाळणा हिच्याच पोराचा ना गं? बारशाला मीच दोरी धरली होती." नणंदबाईंनी लगेच विचारलं, "नैवेद्य दाखवून झाला का?" पुढे त्या घरभर "खरं घर" म्हणत फिरल्या खऱ्या, पण पाळण्याचं नाव काढलं नाही. मीही त्या दिवशी काढलं नाही. सणाचा दिवस होता. म्हणून आता सांगते आहे.

आता ज्यांच्याकडे पाहुणे यायचे आहेत त्यांच्यासाठी.

पसाऱ्याची खोली करायचीच असेल तर करा, सगळेच करतात. पण जिथून कमोडकडे वाट जाते ती खोली सोडून. घरात एकच कमोड असेल तर तो पाहुण्यांचा, आपण बाहेरचं वापरायचं. म्हातारी माणसं येणार असतील तर फोनवर तोंड उघडून विचारा: गुडघे कसे आहेत, रात्री किती वेळा उठावं लागतं, औषधं उपाशीपोटी घ्यायची की जेवून? विचारताना अवघड वाटतं. तोरण काढताना जास्त अवघड वाटतं. उंच पाठीची, हात असलेली एक खुर्ची हॉलमध्ये ठेवा, सोफ्यातून त्यांना उठवत नाही. रात्री वाटेवर एक छोटा दिवा.

आकडा घ्या. "जमेल तसं"वर फोन ठेवू नका. किती जण, किती वाजता, राहणार का, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय गप्पा मारू नका. आमच्याकडे एक किलो हरभरा डाळीच्या मध्यम आकाराच्या 25-26 पोळ्या होतात. चौघांचे नऊ झाले की काय होतं, ते डब्यातल्या शेवटच्या पोळीला विचारा. मी मात्र पूजेच्या आदल्या दिवशी पोळी-भाजी केंद्रात 20 जास्तीच्या सांगून ठेवल्या होत्या, म्हणून अब्रू राहिली. सासूबाईंना ते अजून माहीत नाही. पुरण घरचंच होतं.

आंघोळीचं गणित मला मंगळवारी पहाटे कळलं. आमचा गीझर 15 लिटरचा, दोन किलोवॅटचा. गार पाणी नीट तापायला त्याला अठरा-वीस मिनिटं लागतात. एकामागून एक नऊ जण आंघोळीला गेले तर तीन तास झाले, आणि नळ तर दीडच तास. आदल्या दिवशी सकाळीच पिंप भरून ठेवा, पहिल्या दोघांना आंघोळ रात्रीच करायला सुचवा. पुरुष मंडळी हे आनंदाने ऐकतात. पहाटे उठायचं टळतं.

गाद्या. दिवाणात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या गाद्या पावसाळ्यात आयत्या वेळी काढल्या तर आधी गोळ्यांचा, मग कुबट असा दुहेरी वास येतो. ऊन पडेल त्या पहिल्या दिवशी बाहेर काढा, नाहीतर दोन दिवस पंख्याखाली उभ्या करा. आणि दिवाणावर माणसं बसलेली असताना तो उघडायची वेळ येऊ देऊ नका. आमच्याकडे तीही आली होती, पण एका दिवसात दोनदा हसं झाल्याचं सांगायला माझं मन होत नाही.

डिसेंबरात मी एक केलं, ते खरंच कामाचं आहे. एका रात्री स्वतःच्या घरी पाहुणी म्हणून राहिले. बॅग भरली, हॉलमध्ये गादी टाकून झोपले, सकाळी बाहेरच्या बाथरूममध्ये आंघोळ केली. हे म्हणाले, बरं नाही का? पण मला चार गोष्टी कळल्या. बाथरूमच्या दाराला कपडे टांगायला खुंटी नाही. हॉलमधला चालू असलेला एकमेव प्लग शोकेसमागे, म्हणूनच वायर हत्तीवरून गेली होती. रात्री फ्रिज असा घुरघुरतो की कान तिकडे असला तर झोप लागत नाही. आणि पावसाळ्यात बाथरूमचं दार फुगून कडी बसत नाही हे आम्हा तिघांना सवयीचं आहे, पण पाहुणी बाई आत दार धरून बसणार. खुंटी, एक्स्टेंशन बोर्ड, सुतार: अर्ध्या दिवसाचं काम. ग्रिल घासायला दोन दिवस गेले होते.

बाकी ते नेहमीचं: रोज थोडं थोडं आवरा, मदत मागा, घरच्यांना कामं वाटून द्या. वाटून दिली की होतातच असं नाही, स्कूटरचं मी सांगितलंच. पण पाहुण्यांना मात्र काम जरूर सांगा. चहा-साखरेच्या डब्यांवर नावं लिहा, दूध कुठे आहे ते दाखवून ठेवा. आत्यांनी सोमवारी दुपारी माझ्याशेजारी बसून दोन जुड्या मेथी निवडली आणि त्या तासाभरात आमचं जितकं बोलणं झालं तितकं लग्नानंतरच्या एकवीस वर्षांत झालं नव्हतं.

जानेवारीत नणंदबाईंना फोन केला. म्हटलं, खोके आणि पाळणा कधी नेताय? म्हणाल्या, "बघू गं, जमेल तसं नेते."

पाळणा मी हॉलमध्ये आणला आहे, खिडकीखाली, ग्रिलला लागून. त्यात पाहुण्यांच्या धुतलेल्या चादरी घड्या घालून ठेवते. आल्या-गेल्यांचं लक्ष जातंच. कुणाचा, असं विचारतात. मी सांगते.