जुनी मोहर दुरुस्त करावी काय?

अमरावती आणि अकोल्याच्या सराफ्यात लग्नसराई आली की जुन्या घरांतले सोने बाहेर निघते. त्यात कधी एखादी मोहरही असते. कडी तुटलेली, भोक पाडलेली किंवा कडेला वाकलेली. गिऱ्हाईक म्हणते, "एवढी नीट करून द्या." कारागिराचा हात लगेच फुंकणीकडे जातो. तो हात जरा थांबवावा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

नाण्याची किंमत दोन प्रकारची असते: एक सोन्याची, दुसरी अक्षरांची. इंग्रजी गिन्नीचे वजन ७.९८ ग्रॅम आणि कस २२ कॅरेट. त्या लाखोंनी पाडल्या गेल्या. कडी लावलेली, झिजलेली साधी गिन्नी बहुधा सोन्याच्या भावानेच जाते. ती दागिना म्हणून दुरुस्त केली तर फारसे बिघडत नाही. मोगल मोहरेचे तसे नाही. तिचे वजन सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडे कमी. पण बादशहा, साल आणि टांकसाळ यांवरून तिची किंमत सोन्याच्या कितीतरी पट होऊ शकते.

ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना ही परीक्षा कठीण नाही. औरंगजेबाच्या व त्यानंतरच्या नाण्यांवर 'जर्ब' या शब्दालगत टांकसाळीचे गाव असते आणि 'जुलूस' शब्दाजवळ राज्यारोहणापासूनचे वर्ष. आपल्या अचलपुरात, म्हणजे जुन्या एलिचपुरात, मोगल काळी टांकसाळ होती. कडेची अक्षरे अर्धवट दिसली तर ती मोडतोड समजू नये. ठसा नाण्याहून मोठा असल्याने तसे होतच असे. पृष्ठावरचे बारीक ठोके पुष्कळदा जुन्या सराफांच्या पारखीच्या खुणा असतात. त्या बुजवू नयेत.

दुरुस्तीने काय होते? झाळीचे सोने कमी कसाचे असते, त्यामुळे रंगात फरक पडतो आणि भिंगाखाली जोड दिसतो. बत्तीच्या आचेने जुनी झळाळी जाते, उजाळा देताना अक्षरांच्या धारा घासल्या जातात. भोक बुजवलेली मोहर जाणकाराला साबूत वाटत नाही. उलट तिच्याबद्दल शंका येते. गेलेली अक्षरे परत कोरणे तर नाणे कायमचे घालवणे होय.

मग गिऱ्हाइकाला परत पाठवावे काय? नाही. मोहर गळ्यात घालायची असेल तर तिला न झाळता बाहेरून धरणारी सोन्याची चौकट करून द्यावी. मजुरी मिळते आणि नाणेही राहते. पूर्वी दुरुस्त झालेली मोहर विकताना तसे पावतीवर लिहावे. जोड लपवून साबूत म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

कायदाही ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात किंवा पाया खणताना सापडलेल्या धनाची खबर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. असे नाणे कोणी आणले तर ते मुशीत टाकू नये.

वितळवलेले सोने पुन्हा मिळते. पुसलेले अक्षर मिळत नाही. म्हणून आधी वाचावे, तोलावे, जाणकाराला दाखवावे. शंका असेल तोवर हात लावू नये.