पावसाची वही आणि संगणक

संगणकाची आज्ञावली शिकताना पहिले उदाहरण बहुधा दोन संख्यांच्या बेरजेचे असते. ते सुटते आणि विसरलेही जाते. आपण महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात घरोघरी विचारला जाणारा प्रश्न घेऊ: आजचा पाऊस किती मोठा?

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा लक्षात ठेवा.

सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडा-छपरापासून दूर ठेवा. साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की झाला पाऊस मिलिमीटरमध्ये. सकाळी साडेआठला मोजून डबा रिकामा करा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच बदलतो.

या खात्याच्या प्रतवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. आता वर्गातला कोणीतरी हमखास असे लिहील:

जर पाऊस ६४.५ किंवा अधिक, तर लिही ‘मुसळधार’;
नाहीतर, जर ११५.६ किंवा अधिक, तर लिही ‘अतिमुसळधार’;
नाहीतर, जर २०४.५ किंवा अधिक, तर लिही ‘अत्यंत मुसळधार’.

यात ५९४ घालून पाहा. संगणक खुशाल ‘मुसळधार’ म्हणेल! तो वरून खाली वाचतो. पहिलीच अट खरी ठरली की पुढच्या ‘नाहीतर’कडे ढुंकूनही पाहत नाही. शिक्षकांना विनंती, की येथे उत्तर सांगू नये. मुलांना ओळीवर बोट ठेवून स्वतः संगणक होऊ द्यावे. अटींचा क्रम उलटा हवा, हे त्यांचे त्यांनाच सापडते.

दुसरी चूक डब्यात असते. २५ सेंटिमीटर उंचीचा डबा २५० मिलिमीटरनंतर वाहू लागेल. मग ५९४ कसे मोजणार? दर काही तासांनी मोजून, डबा ओतून बेरीज करत जायचे:

एकूण = एकूण + नवी नोंद

बीजगणित शिकलेला विद्यार्थी येथे अडतो. नवी नोंद शून्य नसेल, तर हे समीकरण खरे कसे? ते समीकरण नव्हेच. उजवीकडची बेरीज करून ती ‘एकूण’ नावाच्या कप्प्यात ठेव, अशी ती आज्ञा आहे. दिवसाच्या आरंभी हा कप्पा शून्य करायला विसरलात, तर कालचा पाऊस आजच्यात मिसळेल.

आणि वाऱ्याने डबा कलंडला तर? तेथे ० लिहू नका. संगणक त्याला उघडीप समजेल. ‘नोंद नाही’ असेच लिहा आणि अशी नोंद आली की त्या दिवसाची बेरीज अपुरी आहे, हे आज्ञावलीने सांगावे.

मात्र ही प्रतवारी पावसाची आहे, पुराची नाही. महाडला पाणी चढते ते वरच्या अंगाच्या पावसाने, आणि खाडीला भरती असली की ते लवकर ओसरत नाही. म्हणून पोलादपूरच्या एखाद्या शाळेशी वही जोडून घ्या. तिच्या नोंदी आणि भरतीच्या वेळा असे आणखी दोन रकाने आज्ञावलीत वाढवा. डबा शाळेच्या आवारातच ठेवा, नदीकाठी जाऊ नका; पुराचा इशारा मात्र प्रशासनाचाच मानायचा.