अभ्यंगापूर्वी पायाचे माप घ्यावे
(सिरागत रक्तस्कंदन : निदान, चिकित्सा व प्रतिबंध)

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा कोणत्याही उपनगरातील चिकित्सालयात ‘पाय सुजला आहे, जड वाटतो’ ही तक्रार नित्य ऐकावयास मिळते. बहुधा तिचे मूळ संधिविकारात, फुगलेल्या सिरांत किंवा दीर्घकाळ उभे राहण्यात असते. परंतु याच तक्रारीमागे कधी कधी पायातील खोल सिरेत झालेली रक्ताची गुठळी दडलेली असते. अशा पायास वातव्याधी समजून अभ्यंग व स्वेदन केले, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि रुग्ण अल्पावधीत दगावू शकतो. पंचकर्म हे आपले बलस्थान आहे. म्हणूनच ते कोठे करू नये, हेही आपणांस नेमके ठाऊक असले पाहिजे. या लेखात आम्ही वैद्य व औषधालयचालक या दोहोंच्या दृष्टीने या विषयाचा परामर्श घेत आहोत.

शास्त्रीय भूमिका

रक्तस्राव थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहेत. त्यांपैकी स्कंदन म्हणजे रक्त गोठणे. व्रणमुखी घडणारे स्कंदन प्राणरक्षक असते. तेच सिरेच्या आत अस्थानी घडले की व्याधी उत्पन्न होतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांच्या १८५६ मधील कार्यावरून या अस्थानी स्कंदनाची तीन कारणे मानली जातात : रक्तप्रवाह मंदावणे, सिरेच्या भित्तीस इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे.

संहितांत या व्याधीशी तंतोतंत जुळणारे एकच नाव नाही. वातरक्त, सिराग्रंथी व शोथ यांची काही लक्षणे मिळतीजुळती आहेत, एवढेच म्हणता येईल. मात्र शोथ सर्वांगाश्रित, अर्धांगाश्रित की अवयवाश्रित, हा चरकाचार्यांनी केलेला विचार येथे फार उपयोगी पडतो. दोन्ही पायांची सूज हृदय, यकृत व वृक्क यांकडे बोट दाखविते. अकस्मात आलेली एकाच पायाची सूज मात्र प्रथम सिरेकडे पाहावयास लावते.

संशय कोठे घ्यावा

पुढील रुग्णांत विशेष सावध राहावे.

१. गुडघा वा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले, प्लास्टर घातलेले किंवा तीन दिवसांहून अधिक अंथरुणास खिळलेले रुग्ण. सांधेरोपणानंतर ‘तेल लावून द्या’ म्हणून येणारे वृद्ध याच गटात मोडतात.

२. गर्भिणी व सूतिका. आपला सव्वा महिन्याचा परंपरागत सूतिकाकाल आणि आधुनिक वैद्यकाने विशेष धोक्याचा मानलेला प्रसूतीनंतरचा सहा आठवड्यांचा काळ जवळजवळ एकच आहे. सिझेरियन झालेली बाळंतीण खाटेवरून फारशी उतरत नाही आणि घरी मालिशवाली बाई रोज येते. गरोदरपणात ही गुठळी बहुधा डाव्या पायात होते. बाळंतिणीचा एक पाय सुजला, तर मालीश त्याच दिवशी थांबवावी.

३. कर्करोगाचे रुग्ण, तसेच पूर्वी स्वतःस वा जवळच्या आप्तास गुठळी झालेले.

४. गर्भनिरोधक वा अन्य संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया.

५. तीव्र संसर्गातून उठलेले रुग्ण. २०२० मध्ये आलेल्या कोविडच्या साथीने संसर्ग आणि स्कंदन यांचा संबंध सर्वांच्याच निदर्शनास आणून दिला.

तपासणी

प्रथम दोन्ही पाय उघडे करून पाहावेत. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा हातास लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजपट्टीने घ्यावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक महत्त्वाचा समजावा. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का, हे पाहण्याची जुनी खूण विश्वासार्ह नाही. पोटरी पुनःपुन्हा दाबूही नये.

वेल्स यांच्या गुणपद्धतीत पुढील प्रत्येक बाबीस एक गुण आहे : कर्करोग, पक्षाघात वा प्लास्टर, तीन दिवस अंथरुणात असणे किंवा बारा आठवड्यांतील मोठी शस्त्रक्रिया, खोल सिरेच्या मार्गावर दाबल्यास वेदना, संपूर्ण पायास सूज, पोटरीच्या घेरात वरीलप्रमाणे फरक, त्याच पायावर दाबल्यास खळगा पडणे, त्वचेखालील नेहमीच्या फुगलेल्या नसलेल्या सिरा नव्याने दिसू लागणे, पूर्वी गुठळी होणे. विसर्पासारखे दुसरे निदान तितकेच संभवनीय असल्यास दोन गुण वजा करावेत. बेरीज दोन वा अधिक आल्यास डॉप्लर सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्यावी. कमी गुण असताना डी-डायमर चाचणी नकारात्मक आली, तर गुठळी बहुधा नाही असे मानता येते. परंतु गर्भावस्था, शस्त्रक्रिया, संसर्ग व वार्धक्य यांत ही चाचणी एरवीही वाढलेली असते. केवळ तिच्या आधारे निदान ठरवू नये.

अकस्मात धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, थुंकीतून रक्त पडणे, भोवळ येणे यांपैकी काहीही असल्यास गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय घ्यावा. अशा रुग्णास रेल्वेचा पूल चढून लोकलने ‘मोठ्या रुग्णालयात’ जाण्यास सांगू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कूपर, राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी यांसारखी पालिकेची रुग्णालये आणि आपल्या परिसरातील डॉप्लर केंद्रे यांचे दूरध्वनी क्रमांक चिकित्सालयात दर्शनी लावलेले असावेत.

चिकित्सा

निदान निश्चित झाल्यावर हेपॅरिन, वॉरफॅरिन, असेनोकुमॅरॉल, रिव्हरोक्सॅबान, अपिक्सॅबान यांपैकी योग्य औषध तज्ज्ञ ठरवितात. उपचार साधारणतः किमान तीन महिने चालतो. सूज उतरली म्हणून रुग्ण गोळी सोडतो, तेथे वैद्याचा शब्द मोलाचा ठरतो. तो गोळी चालू ठेवण्याच्या बाजूने पडावा. या अवस्थेत एखादा काढा वा गुग्गुळकल्प या औषधांची जागा घेऊ शकतो, असे सिद्ध झालेले नाही. तसे आश्वासन कोणी देऊ नये.

येथे एक इतिहास स्मरणात ठेवण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या गवतातून कार्ल लिंक यांच्या विस्कॉन्सिन येथील प्रयोगशाळेने डायकुमॅरॉल वेगळे केले. त्याच वर्गातील वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. ‘वनस्पती आहे, अपाय करणार नाही’ या समजुतीस याहून चोख उत्तर नाही.

औषधसंयोग

वॉरफॅरिन व असेनोकुमॅरॉल घेणाऱ्या रुग्णाची आयएनआर चाचणी सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. लसूण, आले, हळद व गुग्गुळ यांचा प्लेटलेट एकत्र येण्याच्या क्रियेवर परिणाम होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. फोडणीतील लसूण आणि अर्काची कॅप्सूल यांत मात्रेचा मोठा फरक आहे, अर्क टाळावेत. पिंपळी व मिरे यांतील पायपरिन अन्य औषधांचे शोषण व पचन बदलते. रिव्हरोक्सॅबान व अपिक्सॅबान यांचा निचरा ज्या मार्गांनी होतो, त्यांवरच त्याचा परिणाम होत असल्याने त्रिकटुयुक्त कल्प देताना हे ध्यानी घ्यावे. वॉरफॅरिन घेणाऱ्यास पालक, मेथी, अळू, शेवग्याचा पाला वर्ज्य नाहीत. त्यांतील के जीवनसत्त्वाचे प्रमाण रोज सारखे राहिले पाहिजे. एकाएकी हिरव्या पानांचे रस सुरू केल्यास औषधाचा प्रभाव घटतो.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्या रुग्णात सिरावेध, जलौकावचारण व विद्धकर्म करू नये. जळवेच्या लाळेतील हिरुडिन स्वतःच स्कंदनरोधक आहे. तीव्र विरेचनाने जलक्षय होतो व आयएनआरही ढळू शकतो, तेही टाळावे.

औषधालयचालकांसाठी

गल्ल्यावर तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? कधी पायात वा फुप्फुसात गुठळी झाली होती का? गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया, प्रसूती वा प्लास्टर झाले आहे का? अॅस्पिरिनलाही रुग्ण ‘रक्त पातळ होण्याची गोळी’च म्हणतात; म्हणून गोळीचे पाकीट पाहावे.

गणेशोत्सव, लग्न वा यात्रा जवळ आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. त्यांतील नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनवर्गीय द्रव्यात रूपांतरित होतो. पूर्वी गुठळी झालेल्या वा तसा कुलवृत्तांत असलेल्या स्त्रीस ही गोळी घातक ठरू शकते. ज्या दुकानांत दोन्ही पद्धतींची औषधे मिळतात, त्यांनी चिठ्ठीशिवाय ती देऊ नये.

प्रतिबंध

शस्त्रक्रिया व प्रसूतीनंतर अनुमती मिळताच चालणे, अंथरुणातही पावलांची हालचाल, पुरेसे पाणी हे साधे उपाय गुणकारी आहेत. रात्रपाळीत तासन् तास बसणारे, तसेच मुलांकडे अमेरिकेस जाणारे वृद्ध यांना दर तासाने उठून चालण्यास सांगावे. ज्यांना धोका अधिक, त्यांनी प्रवासापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

फिरखो यांचा १३ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने प्रत्येक पंचकर्म केंद्राने आपल्या परिचारकांचा एक वर्ग घ्यावा, असे आम्ही सुचवितो. तेलाचे भांडे गरम करण्यापूर्वी मोजपट्टी हाती घेण्यास दोन मिनिटे पुरतात. अभ्यंगाच्या प्रत्येक नोंदपत्रकावर दोन्ही पोटऱ्यांच्या मापाचा रकाना असावा आणि तो रिकामा असल्यास अभ्यंग सुरू करू नये.